अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी : प्रस्तावना

कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांत चांगले वाढतात. वयात आले की मादीचे पोट अंड्यांनी भरते, नराचे पोट हलकेच दाबले तर दुधासारखा द्रव बाहेर येतो. सगळी तयारी झालेली असते आणि तरीही साचलेल्या पाण्यात मादी अंडी सोडत नाही. हे मासे मुळात नदीचे. पावसाळ्यात नदीला पूर येतो, गढूळ पाणी काठ सोडून उथळ जमिनीवर पसरते आणि त्या पाण्यात त्यांचे मीलन होते. तलावात ही परिस्थिती उभी राहत नाही. आषाढ येतो, श्रावण सरतो आणि अंडी मादीच्या शरीरातच जिरून जातात.

या मादीच्या अंडाशयात काही दोष नाही. तिच्या जनुकांतही नाही, कारण तिचीच बहीण वाहत्या नदीत लाखो अंडी घालते. काम अडते ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत. अंडी पक्व करून सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाची लाट या ग्रंथीने रक्तात पाठवायची असते आणि ती पाठवत नाही.

पुढची प्रकरणे या ग्रंथीतल्या एकाच जातीच्या पेशींविषयी आणि त्या पेशींत वाचल्या जाणाऱ्या तीन जनुकांविषयी आहेत. विषय प्रयोगशाळेतला आहे, त्याची परिभाषा जड आहे आणि मराठीत त्यावर फार थोडे लिहिले गेले आहे. पण प्रश्न साधा आहे. जनुक तर जन्मापासून पेशीत आहे, मग ते केव्हा वाचायचे, किती वाचायचे आणि केव्हा थांबायचे हे कोण ठरवते? तलावातली रोहू, ताडोबातली वाघीण आणि धानाच्या बांधीत वाकलेली बाई या तिघींच्या बाबतीत हा प्रश्न एकच आहे. उत्तराची चौकटही बरीचशी एकच आहे.

सुरुवात माशांपासून करण्याला कारण आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात गोंड राजवटीपासून बांधले गेलेले तलाव आणि बोड्या हजारोंनी आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणजे लोकांच्या तोंडचे मामा तलाव झाले. त्यांचे पाणी धानाला जाते आणि त्यांच्यातली मासळी ढिवर-भोई कुटुंबांचे पोट भरते. पण वर सांगितल्याप्रमाणे कटला-रोहू या तलावांत स्वतःहून अंडी घालत नाहीत. दर पावसाळ्यात जिरे किंवा बोटुकली, म्हणजे माशांची पिल्ले, बाहेरून आणून सोडावी लागतात. पूर्वी ते बीज नदीच्या पुरातून गोळा होत असे, त्यात नको त्या माशांची पिल्लेही मिसळलेली असत. आज ते मत्स्यबीज केंद्रातून येते. या दोन काळांच्या मध्ये पियुषिका ग्रंथीच्या वापराचा शोध उभा आहे.

१९३० च्या आसपास अर्जेंटिनात बर्नार्दो हूसे यांनी माशाच्या पियुषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून त्याचा प्रजननावर होणारा परिणाम दाखवला. त्याच दशकात ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी ही पद्धत मत्स्यबीज तयार करण्यासाठी वापरली. भारतात यश आले ते १० जुलै १९५७ रोजी. ओडिशात, कटकच्या मत्स्यसंशोधन केंद्रातल्या तलाव-संवर्धन विभागात डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी भारतीय कार्प माशांना पियुषिकेचा अर्क टोचून साचलेल्या पाण्यात अंडी सोडायला लावली. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. कृती सांगायला सोपी आहे. नुकत्याच मेलेल्या पक्व माशाची कवटी उघडून ग्रंथी काढायची, शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची, वापरायच्या वेळी वाटून तिचा अर्क करायचा. मादीला आधी लहान मात्रा आणि सुमारे सहा तासांनी मोठी मात्रा द्यायची. नराला एकच, मादीच्या दुसऱ्या मात्रेबरोबर. आणखी चार-सहा तासांत अंडी बाहेर.

या कृतीत एक बारकावा आहे. ग्रंथी कोणत्याही दिवशी, कोणत्याही माशाची घेऊन चालत नाही. ती पक्व माशाची आणि पावसाच्या तोंडाशी काढलेली हवी. लहान माशाच्या किंवा अंडी सोडून झालेल्या माशाच्या ग्रंथीत दम नसतो. केंद्रावर काम करणाऱ्या माणसाला हे अनुभवाने माहीत असते. या पुस्तकाच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की संप्रेरकाचे जनुक वर्षभर सारख्या वेगाने वाचले जात नाही. ऋतू जवळ येतो तसे वाचन वाढते, पेशीत माल साठतो आणि हंगाम संपला की वाचन मंदावते.

पुढे पद्धत बदलली. आज ओव्हाप्रिम, ओव्हाटाइड अशा नावांची तयार औषधे मिळतात आणि एका इंजेक्शनात काम होते. या औषधात पियुषिकेचा अर्क नसतो. त्यात दोन गोष्टी असतात : मेंदू पियुषिकेला जो आदेश पाठवतो त्या आदेशाची कृत्रिम नक्कल आणि त्याच्या जोडीला डोम्पेरिडोन किंवा तसे दुसरे द्रव्य. डोम्पेरिडोन म्हणजे आपल्याकडे उलटी थांबवायला देतात तेच. माशाचा मेंदू डोपामिन सोडून पियुषिकेला रोखून धरतो. डोम्पेरिडोन तो लगाम सैल करते, नक्कल केलेला आदेश ग्रंथीला जागे करतो आणि मासा स्वतःच्याच ग्रंथीतले संप्रेरक सोडतो. जुन्या पद्धतीत संप्रेरक बाहेरून दिले जात होते, नव्या पद्धतीत आतल्या पेशीला आज्ञा दिली जाते. हा फरक ज्याला कळला त्याला पुढच्या प्रकरणांचा अर्धा गाभा कळला.

आता माणसाकडे येऊ. माणसाची पियुषिका कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली असते. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तिच्या पुढच्या भागात संप्रेरक तयार करणाऱ्या पाच मुख्य जातींच्या पेशी असतात. वाढ, दूध, थायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथी या चार कामांसाठी चार जाती आणि पाचवी जात प्रजननाची. या पाचव्या जातीला गोनॅडोट्रोप म्हणतात. पुढच्या भागातल्या साधारण दहा पेशींपैकी एखादीच या जातीची. ती दोन संप्रेरके तयार करते : एफएसएच आणि एलएच. स्त्रीच्या अंडाशयात बीजकोश वाढवण्याचे काम एफएसएचचे, पक्व बीज बाहेर सोडण्याचा आदेश एलएचचा. पुरुषात एलएच टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावते आणि एफएसएच शुक्राणूंच्या निर्मितीला आधार देते.

दोन्ही संप्रेरकांची रचना दुपदरी आहे. एक साखळी दोघांत समान, तिला अल्फा म्हणतात. तिचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. दुसरी साखळी बीटा, ती प्रत्येकाची वेगळी. एलएचच्या बीटाचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, एफएसएचच्या बीटाचे अकराव्यावर. एफएसएच किती तयार होईल हे मुख्यतः त्याच्या बीटा जनुकाचे वाचन किती झाले यावर ठरते, म्हणून संशोधकांचे सगळे लक्ष बीटा जनुकांवर असते. ही तिन्ही जनुके यकृताच्या, कातडीच्या, स्नायूंच्या पेशींतही आहेत. तिथे ती मिटलेली राहतात. गोनॅडोट्रोपमध्ये एसएफ-१, पिटएक्स-१ यांसारखी प्रथिने असतात. ती जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर ठरावीक ठिकाणी बसतात आणि ते वाचनासाठी खुले करतात. पेशीची ओळख ठरते ती अशी.

पण खुले झालेले जनुक सतत वाचले जात नाही. त्यासाठी वरून आदेश यावा लागतो. इंग्लंडमध्ये जेफ्री हॅरिस यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले, की पियुषिका स्वयंभू नाही. तिच्या वरच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून रासायनिक संदेश निघतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून थेट ग्रंथीत उतरतात. माशांत हे जाळे जवळजवळ नाही, तिथे मेंदूच्या चेतापेशींचे तंतूच पियुषिकेत शिरतात. प्रजननाचा संदेश म्हणजे जीएनआरएच, दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. तिची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या कामासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना १९७७ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर रोझालिन यालो यांनाही नोबेल मिळाले, रक्तातले अत्यल्प संप्रेरक मोजण्याची पद्धत शोधल्याबद्दल. ती पद्धत नसती तर पुढचा शोध लागलाच नसता.

तो शोध १९७८ चा. अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडिणींमधला नैसर्गिक जीएनआरएच बंद केला आणि तो बाहेरून द्यायला सुरुवात केली. तासाला एकदा काही मिनिटे दिला, तर पियुषिका व्यवस्थित काम करू लागली. तोच अखंड देत राहिले, तर एलएच आणि एफएसएच दोन्ही कोसळले. गावात दवंडीवाला डफ वाजवून थांबतो म्हणून लोक कान देतात. तो दिवसभर वाजवतच राहिला, तर कुणी मान वर करून पाहणार नाही. गोनॅडोट्रोपचे तसेच आहे. तिला मात्रा लागतेच, पण मात्रेपेक्षा ती दोन ठोक्यांमधले अंतर ओळखते. अवेळी वयात येणाऱ्या लहान मुलांना आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांना जीएनआरएचसारखी दीर्घकाळ टिकणारी औषधे देतात, ती याच तत्त्वावर. सतत आदेश देऊन ग्रंथीला गप्प करायचे.

पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी बारीक गोष्ट दिसली. ठोके साधारण अर्ध्या तासाला एक आले की एलएचच्या बीटा जनुकाचे वाचन वाढते. दोन तासांना एक आले की एफएसएचचे वाढते. संदेश तोच, पेशी तीच, फक्त अंतर वेगळे आणि पेशी वेगळे जनुक उघडते. स्त्रीच्या पाळीच्या चक्रातही हे घडते. चक्राच्या पहिल्या अर्ध्यात ठोके साधारण तास-दीड तासाला एक असतात. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि ठोके तीन-चार तासांवर जातात. त्या संथ तालात एफएसएचचे वाचन सावरते आणि पुढच्या महिन्याच्या बीजकोशांची सोय होते.

पेशी हे अंतर मोजते कशी? पुस्तकातले सर्वात लांब प्रकरण याच प्रश्नाचे आहे, इथे फक्त सांगाडा देतो. जीएनआरएच पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटतो, आत प्रथिनांची साखळी एकामागून एक जागी होते आणि संदेश केंद्रकापर्यंत जातो. तिथे ईजीआर-१ नावाचे प्रथिन झपाट्याने तयार होते. ते एसएफ-१ आणि पिटएक्स-१ यांच्या शेजारी बसून एलएचचे बीटा जनुक वाचायला लावते. पण ईजीआर-१ अल्पायुषी आहे, शिवाय त्याला रोखणारे प्रथिनही त्याच्याच पाठोपाठ तयार होते. ठोके जलद असतील, तर ईजीआर-१ संपण्याआधी पुन्हा भर पडते आणि एलएचचे वाचन चालू राहते. ठोके संथ असतील, तर मधल्या काळात ते विरून जाते.

एफएसएचच्या बीटा जनुकाची व्यवस्था वेगळी आहे. त्याला फॉस आणि जून ही प्रथिनांची जोडी लागते. त्याहून जास्त लागते ते अ‍ॅक्टिव्हिन, पियुषिकेतच तयार होणारे एक स्थानिक प्रथिन. अ‍ॅक्टिव्हिनचा संदेश स्मॅड या प्रथिनांमार्फत केंद्रकात जातो आणि तिथे फॉक्सएल-२ त्याच्या जोडीला उभे राहते. ठोके फार जलद झाले, की या जनुकाला दाबणारी प्रथिने साठत जातात आणि एफएसएच मागे पडते. अंडाशय आणि वृषण इन्हिबिन पाठवून अ‍ॅक्टिव्हिनचा रस्ता अडवतात, फॉलिस्टॅटिन अ‍ॅक्टिव्हिनलाच पकडून ठेवते. म्हणजे एका जनुकावर मेंदूचा, शेजारच्या पेशींचा आणि दूरच्या अंडाशयाचा असा तिघांचा हात एकाच वेळी असतो.

हे सगळे कळले ते बहुतांशी दोन पेशीकुळांमुळे. गोनॅडोट्रोप पेशी थोड्या, त्याही इतर जातींत मिसळलेल्या. त्या वेगळ्या काढून टिकवणे जवळजवळ अशक्य. कॅलिफोर्नियात पामेला मेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरात या पेशींचे ट्यूमर घडवून आणले आणि त्यांतून प्रयोगशाळेत वाढत राहणारी पेशीकुळे तयार केली. १९९० मधले अल्फा-टी-३-१ हे अपक्व अवस्थेतले, त्यात केवळ अल्फा जनुक वाचले जाते. नंतरचे एल-बीटा-टी-२ पक्व अवस्थेतले, त्यात एलएचचा बीटाही असतो. जगभरच्या प्रयोगशाळा आज याच पेशी वापरतात. वाचकाने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बशीतल्या ट्यूमर-पेशीवर अंडाशयाचा धाक नसतो आणि तिच्यापर्यंत उपासमारीची बातमी पोचत नाही. तिथे सापडलेले यंत्र खरे असते, पण ते केव्हा आणि कशासाठी चालते याचे उत्तर जिवंत प्राण्यातच शोधावे लागते.

हा ‘केव्हा’ प्रत्येक प्राण्यात वेगळ्या खुणेला बांधलेला आहे. थंड प्रदेशातल्या हरणांत दिवसाची लांबी हंगाम ठरवते. आपल्या अक्षांशावर सर्वात मोठा आणि सर्वात लहान दिवस यांत जेमतेम अडीच तासांचा फरक, म्हणून इथल्या चितळांचा हंगाम तितका काटेकोर नाही. एकाच कळपात एका नराची शिंगे मखमली असतात, तर दुसऱ्याची कडक झालेली. शिंगांची ही अवस्था टेस्टोस्टेरॉनवर आणि ते एलएचवर अवलंबून. वाघिणीत बीज सुटण्यासाठी मीलन हाच संदेश असतो. मीलनाच्या उत्तेजनेने तिच्या मेंदूतून जीएनआरएचचा लोट येतो आणि मग एलएचची लाट. बछडे दगावले, तर ती लवकरच पुन्हा माजावर येऊ शकते. माणसाच्या बाईत हंगाम नाही, मीलनाची अटही नाही. तिच्यात एक वेगळी खूण फार प्रबळ आहे : शरीरात खर्चून उरलेली ऊर्जा.

२००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी शोधून काढले, की ज्या कुटुंबांत मुलेमुली वयातच येत नाहीत अशा काही कुटुंबांत किस्पेप्टिन या द्रव्याच्या ग्राहकाचे जनुक बिघडलेले असते. जीएनआरएचचे ठोके किस्पेप्टिनच्या पेशी चालवतात आणि त्यांच्यापर्यंत पोषणाची खबर पोचते. चरबीच्या साठ्याची माहिती देणारे लेप्टिन हे तिचे एक माध्यम. त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅन लाउक्स यांनी तरुण स्त्रियांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीरहित वजनाच्या दर किलोमागे रोज ३० किलोकॅलरीपेक्षा कमी ऊर्जा उरली, तर पाच दिवसांतच एलएचचे ठोके विरळ झाले. पाच दिवसांत वजन फारसे बदलत नाही, ठोक्यांची लय बदलते.

आता ही गोष्ट वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीच्या वर्षावर ठेवून पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, पाऊस लागला की धानाची रोवणी. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावायचे काम बायकांचे आणि नेमक्या त्याच महिन्यांत घरातले धान्य तळाला गेलेले. नेपाळच्या डोंगरात तामांग समाजाच्या स्त्रियांवर कॅथरीन पँटर-ब्रिक आणि पीटर एलिसन यांनी काम केले, ते १९९३ मध्ये छापून आले. पावसाळ्यातल्या जड शेतीकामाच्या दिवसांत ज्यांचे वजन घटले, त्यांच्या लाळेतले प्रोजेस्टेरॉनही घटलेले होते. अंडाशयाचे काम हंगामाप्रमाणे खाली-वर होत होते. याला आजार म्हणता येत नाही. शरीराने काढलेला तो हिशेब आहे : आता गर्भ पोसण्याइतकी शिल्लक नाही. स्तनपानाचेही तेच. बाळ दिवसरात्र अंगावर पीत असेल, तर जीएनआरएचचे ठोके दबलेले राहतात. १९८८ मध्ये इटलीत बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी मान्य केले, की बाळ केवळ अंगावरच पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, तर पहिले सहा महिने ९८ टक्के संरक्षण मिळते.

याच्या उलट टोक मुंबईत दिसते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या गटाने मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींची पाहणी केली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. निदानाचे रॉटरडॅम निकष लावले तर २२.५ टक्के मुलींत पीसीओएस हा अंडाशयाचा विकार आढळला. या अवस्थेत अनेकदा ठोके गरजेपेक्षा जलद असतात, एलएच वरचढ होते, एफएसएच मागे राहते आणि बीजकोश अर्धवट वाढून थांबतात. एकीकडे ऊर्जेची तूट, दुसरीकडे बैठे आयुष्य आणि इन्सुलिनची गडबड. पाळी दोन्हीकडे चुकते, कारणे मात्र उलटी. एकच गोळी दोघींना देणाऱ्याने यावरचे प्रकरण वाचले पाहिजे.

तरीही पियुषिकेच्या मोहात पडून सगळे तिच्यावर ढकलू नये. गडचिरोलीतच याचा मोठा धडा आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरी प्रत्येकीला तीनपेक्षा जास्त आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यातले पुष्कळसे आजार जंतुसंसर्गाचे होते. म्हणजे बाईचे दुखणे अंडाशयात, गर्भाशयात, रक्तात की पियुषिकेत हे तपासल्याशिवाय ठरत नाही आणि तपासणीच होत नव्हती. रेणूंची कितीही बारीक माहिती झाली तरी तिची सुरुवात बाईला विचारण्यापासून होते.

एक आजार मात्र थेट या ग्रंथीचा आहे आणि दूरच्या गावांना तो जास्त जवळचा आहे. गरोदरपणात दुधाच्या पेशी वाढल्यामुळे पियुषिका मोठी होते, पण तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या कमी दाबाच्या. बाळंतपणात खूप रक्त गेले आणि दाब कोसळला, तर ग्रंथीचा काही भाग मरतो. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून हा शीहान सिंड्रोम. बाई वाचते, पण तिला दूध येत नाही, पाळी परतत नाही, पुढे थकवा, थंडी सहन न होणे, केस गळणे असे वर्षानुवर्षे चालते. काश्मीरमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बाळंतपण झालेल्या स्त्रियांत याचे प्रमाण सुमारे ३ टक्के निघाले आणि त्यांतल्या बहुतेकींची बाळंतपणे घरी झाली होती. इथे जनुके वाचणारी पेशीच उरलेली नसते. हरवलेली संप्रेरके औषधाने देता येतात, पण त्यासाठी आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. सिकलसेलच्या मुलामुलींतही वयात येणे उशिरा होते आणि ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या पियुषिकेत लोह साठून याच पेशी निकामी होऊ शकतात. विदर्भातल्या डॉक्टरांना हे दोन्ही माहीत असायलाच हवे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग तलावाचा, दुसरा पेशीचा, तिसरा शरीराचा आणि चौथा दवाखान्याचा. दुसरा भाग कठीण आहे. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने तो कागद-पेन्सिल घेऊन वाचावा, ठोक्यांचे आलेख स्वतः काढावेत. मत्स्यसंस्थेच्या सभासदाने पहिला आणि तिसरा वाचला तरी त्याला आपल्या इंजेक्शनमध्ये काय आहे आणि ते चुकीच्या दिवशी का चालत नाही हे कळेल. प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना विनंती, की पियुषिका फळ्यावरच्या आकृतीत बाण काढून संपवू नका. जुलैमध्ये जवळच्या मत्स्यबीज केंद्रावर मुलांना न्या, अंडी सुटताना दाखवा आणि मग विचारा की हे संप्रेरक काल कुठे होते.

चौथा भाग आशाताई, परिचारिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी लिहिला आहे. बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल. ज्या बाळंतिणीचे खूप रक्त गेले होते, तिच्या घरी पुढच्या भेटींत दोन प्रश्न विचारा : दूध आले का, आणि पुढे बाळाचे अंगावरचे पिणे कमी झाल्यावर पाळी परत आली का? दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर तिला लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवू नका. जिल्हा रुग्णालयात नेऊन तिच्या पियुषिकेची तपासणी करवून घ्या.